दिघ्यांचं सभ्य इंग्रजी

दिघ्यांना शिवी देता येत नाही. फारच संतापले तर ते 'अनसीमली' म्हणतात.

एकदा सेक्टर बावीसच्या लाइट पॉइंटवर, म्हणजे सिग्नलपाशी, आम्ही दोघं रस्ता ओलांडत होतो. एक भलीथोरली काळी गाडी लाल दिवा तोडून दिघ्यांच्या बुटाला घासून गेली. माझ्या तोंडून जे निघालं ते इथे छापण्यासारखं नाही. दिघे खणखणीत आवाजात फक्त "अनसीमली!" म्हणाले. आणि गाडीवाल्याला नेमकं तेवढंच ऐकू गेलं. गाडी थांबली, मागे आली, आणि आतून सहा फूट उंचीचे, दाराएवढ्या रुंद खांद्यांचे एक गृहस्थ उतरले.

"अंकल जी, गाली दी आपने?"

मी दोन पावलं मागे सरकलो. दिघे एक पाऊल पुढे गेले.

"नो सर. अनसीमली कहा. मतलब, जो आप जैसे आदमी को शोभा नहीं देता."

"आप जैसे, मतलब?"

"अच्छे घर के."

त्या माणसाचा आवाज खाली आला. मग त्याने स्वतःचे कान पकडले, आम्हाला गाडीत बसवलं आणि घरापर्यंत सोडलं. उतरताना दिघ्यांच्या पायाला हात लावला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "बाऊजी दा ध्यान रख्या करो." जणू मी दिघ्यांचा नोकर.

सरळच सांगतो, मला दिघ्यांचा हेवा वाटायचा. अधूनमधून नाही, रोज.

त्याला कारण होतं. मी इंग्रजी घेऊन एम. ए. झालो आणि नशिबाने केंद्र सरकारच्या एका कार्यालयात राजभाषा अधिकारी झालो. इंग्रजी शब्दांना हिंदी प्रतिशब्द शोधायचे, ते फळ्यावर 'आज का शब्द' म्हणून लिहायचे आणि लोकांनी ते वापरावेत म्हणून परिपत्रकं काढायची, हे माझं काम. बदल्या होत होत चंदीगडला आलो. तेवीस वर्षांच्या नोकरीत 'औचित्य', 'शिष्टता', 'शालीनता' असे शेकडो शब्द मी फळ्यावर लिहिले. त्यातला एकही कुणी घरी नेल्याचं मला आठवत नाही.

आणि दिघे? आमच्या सेक्टरातला भाजीवाला, जो कधी शाळेची पायरी चढला नाही, तो टोमॅटो दाबून बघणाऱ्या बाईंना माझ्यासमोर म्हणाला, "दबाइए मत मैडम, इंडेकोरस लगता है." बाईंनी टोमॅटो खाली ठेवला. मी भाजी न घेताच परत आलो.

दिघे ऐंशीच्या आसपासचे. मूळचे रोह्याचे. एअरफोर्समधून निवृत्त होऊन इथेच राहिलेले, एकटे. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, थंडीत त्यावर निळा ब्लेझर, बुटात तोंड दिसेल इतकं पॉलिश. इथले जुने लोक त्यांना 'दिघे साब' म्हणत आणि आम्ही मराठी मंडळी 'दिघेसाहेब'. चांगल्या वागणुकीला इंग्रजीत जितके म्हणून जुने शब्द आहेत तितके त्यांना पाठ होते, आणि त्यांच्यातले फरक ते सोनाराने गुंजा मोजाव्यात तसे मोजत.

"हे बघा," ते म्हणत, "मॅनर्स म्हणजे शिंकताना तोंडापुढे रुमाल धरणं. एटिकेट म्हणजे तो रुमाल कुठल्या खिशात ठेवायचा हे माहीत असणं. दुसरा शिंकला तर न हसणं, हा डेकोरम. आणि तो शिंकलाच नाही असं समजून आपलं बोलणं पुढे चालू ठेवणं, ही प्रोप्रायटी."

हे मी शब्दकोशात ताडून पाहिलं. शब्दकोशात इतकं चांगलं दिलेलं नव्हतं. त्याचाही राग आला.

नापसंतीच्याही त्यांच्याकडे पायऱ्या होत्या. शेजाऱ्याने मोठ्याने गाणी लावली तर 'अनसीमली'. लग्नाच्या जेवणात कुणी रांग मोडली तर 'इंडेकोरस'. कुणी गैरहजर माणसाबद्दल वाईट बोललं तर 'अनबिकमिंग'. आणि सगळ्यांत वरची पायरी 'नॉट डन'. हे दोन शब्द ते इतक्या हळू उच्चारत की समोरच्याला अंग चोरून घ्यावंसं वाटे. मी स्वतः ते दोनदा ऐकले आहेत. एकदा मी त्यांच्यासमोर माझ्या साहेबांची नक्कल केली तेव्हा, आणि एकदा वाचनालयाच्या वर्तमानपत्रातलं शब्दकोडं शाईने भरलं तेव्हा.

बाहेर काय होतं ते एक वेळ चाललं असतं. पण ते घरात आले.

माझी मुलगी जुई अकरावीत आहे. ती चंदीगडात वाढली. तिला मराठी कळतं, पण मी मराठीत काही विचारलं की उत्तर हिंदीत येतं. "जुई, जेवलीस का?" "हाँ पापा, खा लिया यार." तिने दोन वाक्यं सलग मराठीत बोलावीत म्हणून मी काय नाही केलं! गोष्टीची पुस्तकं आणली, घरात हिंदी बंद असा कायदा काढला, तो दीड दिवस टिकला. आणि एका संध्याकाळी कार्यालयातून येतो तो बाहेरच्या खोलीत दिघे बसलेले, माझी बायको माधवी त्यांना थालीपीठ वाढते आहे, आणि जुई म्हणते आहे, "पण आजोबा, खरं बोलल्याने एखाद्याला वाईट वाटणार असेल, तर ते सांगणं प्रॉपर आहे की इम्प्रॉपर?"

पूर्ण वाक्य. मराठी. क्रियापदासकट.

दिघे इंग्रजी शब्दांचे अर्थ मराठीतच सांगत. इंग्रजी शब्द समजून घ्यायला माझी मुलगी मराठी शिकत होती, आणि ज्याच्या घरात हे चाललं होतं तो भाषेचा अधिकारी दारात डबा घेऊन उभा होता.

"किती छान समजावतात ना?" दिघे गेल्यावर माधवी म्हणाली.

"मीही समजावतो," मी म्हणालो.

"तुम्ही चुका काढता," ती म्हणाली आणि तव्याकडे वळली. माझ्या वाटचं थालीपीठ गार झालं होतं.

मग मंडळ. आमचं इथलं महाराष्ट्र मंडळ म्हणजे बदलीवर आलेल्यांचा मेळा. बँकेतले, सरकारी खात्यांतले, सैन्यातले. गणपतीचं सूत्रसंचालन पहिल्यापासून माझ्याकडे. तीन वर्षांपूर्वी अध्यक्षा सबनीसबाईंनी ऐनवेळी माझ्या हातातून माईक घेतला. "आज आपल्यात एक खास पाहुणे आहेत," त्या म्हणाल्या, "निवृत्त विंग कमांडर दिघेसाहेब!" टाळ्यांचा कडकडाट झाला. दिघे उभे राहिले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, बाईंकडे पाहिलं, तोंड मिटलं आणि खाली बसले. "केवढा विनय!" माझ्यामागून कुणीतरी म्हणालं. तेव्हापासून पहिल्या रांगेतली मधली खुर्ची दिघ्यांची झाली. जेवणाच्या वेळी मात्र ते सगळ्यांत शेवटी जेवत. तोवर हातात जग घेऊन ज्याच्या त्याच्या पेल्यात पाणी भरत फिरत. "एवढा मोठा ऑफिसर आणि बघा!" बायका म्हणत. मीसुद्धा एकदा जग घेऊन फिरलो. मला सगळ्यांनी "अहो, भाजी संपलीये" एवढंच सांगितलं.

आणि मग मागच्या महिन्यात देव मला पावला, असं तेव्हा वाटलं.

जुईला तिच्या मैत्रिणीकडून आणायला मी विमानतळाजवळच्या एरोसिटीत गेलो होतो. मैत्रिणीचे आजोबा निवृत्त ग्रुप कॅप्टन, बराड नावाचे. त्यांनी आग्रहाने बसवून घेतलं, आणि मी मराठी आहे हे कळल्यावर विचारलं, "एक दिघे होता था हमारे यहाँ. जानते हो?"

"विंग कमांडर दिघे?"

"विंग कमांडर?" ते गडगडून हसले. "ओ नहीं जी! दिघे तो मेस में वेटर था. कमाल का बंदा! मैं पिंड का, गाँव का लड़का, काँटा-छुरी पकड़ना नहीं आता था. पहली रात सबके सामने बेइज्जती हो जाती. दिघे ने पीछे से झुककर कान में बता दिया, सर, बाहर वाला पहले. किसी को पता नहीं चला."

ते पुढेही बरंच सांगत होते. मी पहिल्या वाक्यातच थांबलो होतो. वेटर! परतताना मी गाडीत गुणगुणत होतो. "पापा, क्या हुआ, इतने खुश क्यों हो?" जुईने विचारलं. "काही नाही गं," मी म्हणालो. ही बातमी अशी रस्त्यात सांडायची नव्हती. योग्य ठिकाणी, योग्य कानात पडायला हवी होती.

रविवारी सकाळी मी सबनीसबाईंच्या घरी गेलो. वाक्य मनात घोळवून तयार होतं: 'सांगू नये, पण मंडळाच्या हितासाठी सांगावं लागतंय.' पण मी तोंड उघडायच्या आत बाईंनी एक फाइल माझ्यापुढे सरकवली.

"बरं झालं आलात. आपण यंदा स्मरणिका काढतोय ना, त्यात दिघेसाहेबांचं हे पत्र छापायचंय. त्या पहिल्या गणपतीनंतर त्यांनी मला लिहिलं होतं. काय इंग्रजी आहे हो! मी वाचलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लगेच जाऊन त्यांना तसं सांगितलंसुद्धा. आता तुम्ही मराठी करून द्या. तुमचं कामच ते."

"पत्रात काय आहे?"

"आभार मानलेत. आणि ऑफिसरांबरोबर टेबलावर असायचे, ती आठवण. हे बघा, 'अटेंडेड अपॉन ऑफिसर्स अ‍ॅट टेबल'."

मी पत्र वाचलं. निळ्या शाईत, रेघ न मारता सरळ ओळीत लिहिलेलं. 'इट बिहूव्ज मी टू डिसअव्हाव द अपेलेशन' अशी सुरुवात होती. म्हणजे, आपण मला दिलेला हुद्दा मी नाकारणं हे माझं कर्तव्य आहे. आपण बोलत असताना चारचौघांत आपल्याला दुरुस्त करणं अनुचित ठरलं असतं म्हणून मी गप्प राहिलो, त्याची क्षमा असावी. मी अधिकारी कधीच नव्हतो. टेबलाशी बसलेल्या अधिकाऱ्यांच्या मागे उभं राहून त्यांना वाढणं, ही माझी चाकरी. हे समजल्यावरही मंडळाची हरकत नसेल, तर मागच्या रांगेत एक खुर्ची मिळावी.

सगळं लिहिलेलं होतं. तीन वर्षांपूर्वी. फक्त इतक्या सभ्य इंग्रजीत की कुणाला कळलं नव्हतं.

माझा आनंद दुप्पट झाला. मला चहाडी करायचीच गरज नव्हती. अचूक अनुवाद करायचा, छापायला द्यायचा, बस. माझं काम मी केलं, एवढंच. "उद्यापर्यंत देतो," मी म्हणालो, पत्र खिशात घातलं आणि तिथून थेट दिघ्यांकडे निघालो. छापण्याआधी त्यांची परवानगी घेतो आहे, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्यांचा चेहरा पडताना मला पाहायचा होता.

दिघे सेक्टर बावीसमध्येच एका दुकानाच्या वर भाड्याच्या खोलीत राहतात. इतक्या वर्षांत मी तिथे पहिल्यांदा जात होतो. खोली लहान, लख्ख. मला बघून ते इतके खूश झाले की मलाच अवघडल्यासारखं झालं. त्यांनी मला टेबलाशी बसवलं, टेबलावर पांढरं कापड अंथरलं, ट्रेमध्ये चहा आणला, बशीत चार बिस्किटं पंख्यासारखी मांडली. आणि मग ते माझ्या डाव्या खांद्यामागे जाऊन उभे राहिले.

"अहो, बसा ना तुम्ही."

"बसतो, बसतो," ते म्हणाले, आणि बसले नाहीत. कप अर्धा झाला की मागून हात येई, कप पुन्हा भरे.

शेवटी मीच मान वळवून सुरुवात केली. "दिघेसाहेब, ते विंग कमांडर म्हणतात तुम्हाला..."

ते हसले. लाजून हसले. "सबनीसबाईंचा लाड तो! दुसरं काय?"

"लाड?"

"मग काय! मेसमधल्या वेटरला विंग कमांडर म्हणायचं, तेही स्टेजवरून, तोंडावर हसू न आणता. याला फार मोठं मन लागतं, जोगळेकर." ते अजून माझ्या मागेच होते. आवाज तेवढा येत होता. "त्या दिवशी त्यांची चूक झाली होती. मला चार दिवस जेवण गेलं नाही. मग सगळं लेखी कळवलं. काही लपवलं नाही. म्हटलं, संपलं आता, पुन्हा मंडळात पाऊल टाकायचं नाही. तर बाई इथे जिना चढून आल्या. माझे हात हातात घेतले. म्हणाल्या, पत्र वाचलं, डोळ्यांत पाणी आलं. आणि पुढच्या कार्यक्रमाला परत पहिल्याच रांगेत बसवलं."

मी बिस्किट उचललं होतं, ते हातातच राहिलं.

"चौतीस वर्षं मी खुर्च्यांच्या मागे उभा राहिलो. दुसऱ्यांच्या लग्नाच्या पार्ट्या लावता लावता स्वतःचं राहून गेलं. निवृत्तीनंतर वाटलं, आता ओळख ती काय सांगायची लोकांना? पण तुम्हा सगळ्यांना माहीत आहे मी कोण होतो. तरी तुमच्या मिसेस थालीपीठ करून घालतात. जुई आजोबा म्हणते. तीन वर्षांत एकाने, एकानेसुद्धा, तो विषय काढला नाही. तुम्हीही नाही. तुम्ही तर इंग्रजीचे एम. ए. बाईंनी पत्र पहिल्यांदा तुम्हालाच दाखवलं असणार."

खाली दुकानात कुणीतरी शटर वर ढकललं. दिघे तो आवाज संपेपर्यंत थांबले.

"याला डेलिकसी म्हणतात. हल्ली खाण्याच्या पदार्थाला वापरतात तो शब्द. जुना अर्थ वेगळा होता. दुसऱ्याची दुखरी जागा कुठे आहे हे ठाऊक असून तिकडे बोट न नेणं. ऑफिसर लोक एकमेकांसाठी करायचे, मी बघायचो. माझ्यासाठी कुणी करील असं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि पुढे वाकून माझ्यासमोरचा न चुरगळलेला नॅपकिन सरळ केला.

खिशातल्या पत्राची घडी मला छातीशी टोचत होती. एक वाक्य पुरे होतं. 'अहो, त्यांना तुमचं इंग्रजी कळलंच नाही.' ते वाक्य अगदी जिभेवर होतं. आणि त्या क्षणी मला दिघ्यांचा जेवढा हेवा वाटला तेवढा आधी कधीच वाटला नव्हता. मंडळ तेच होतं, माणसं तीच होती. मी त्यांच्यात इतकी वर्षं राहिलो आणि मला फक्त कोण माझा माईक घेतं, कोण कुणाला पुढे बसवतं एवढंच दिसलं. हा माणूस तीन वर्षं थोर माणसांच्या संगतीत राहत होता. त्या थोर माणसांत मीही होतो.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" दिघ्यांनी हळूच विचारलं.

"पहिल्यापासून," मी म्हणालो.

त्यांनी माझा कप पुन्हा भरला. मग विचारलं, "इंग्रजी ठीक होतं ना? 'बिहूव्ज' बरोबर जागी पडलं होतं?"

"अगदी बरोबर."

"मला धाकधूक होती," ते म्हणाले.

मी उठलो, दुसरी खुर्ची ओढली आणि टेबलाशी लावली. ते नको नको म्हणाले. मी त्यांच्या कोपराला धरून बसवलं. ते खुर्चीच्या टोकावर बसले, हात मांडीवर, आणि मी त्यांच्या कपात चहा ओतला. थोडा बशीत सांडला. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कार्यालयात सबनीसबाईंचा फोन आला. "झाला का अनुवाद?"

"ते पत्र छापू नका, बाई. खाजगी आहे. तुम्हाला एकटीला लिहिलेलं."

"असं? पण आहे काय त्यात, ते तरी सांगा."

मी जरा विचार केला. "लिहिलंय, तुम्ही मला देता तो मान माझ्या योग्यतेहून मोठा आहे. मी साधा माणूस. मला तुमच्यात बसायला एक खुर्ची दिलीत, तर मी समाधानी आहे."

"एवढंच? विमानांचं काहीच नाही?"

"काहीच नाही."

"अय्या, मग राहू दे. पण पत्र परत आणून द्या हं. फाइलला लावायचंय."

पत्र माझ्या टेबलाच्या खणात होतं. मी खण लोटला आणि कुलूप लावलं.

"बाई, ते माझ्याकडून हरवलं."

मग त्या दहा मिनिटं बोलत होत्या. जबाबदारी, दुसऱ्याची वस्तू, इतक्या वर्षांची सरकारी नोकरी. मी फोन कानाला लावून सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्या म्हणाल्या, "दिघेसाहेबांच्या हातून असं कधी झालं नसतं."

"नसतंच झालं," मी म्हणालो.